लांबच्या सर्व्हरची शांतता

तुम्ही हसाल, पण मला रिकामा सर्व्हर फार आवडतो. दूर कुकटपल्लीच्या ऑफिसातून पुण्यातल्या नव्या सर्व्हर-मशीनवर आपोआप होणारं इन्स्टॉलेशन लावायचं होतं. कुठली पॅकेजेस, म्हणजे कुठले प्रोग्राम ठेवायचे, ते मी ठरवणार होतो. एकेक काढत गेलो, तसं सारवलेल्या अंगणासारखं स्वच्छ वाटायला लागलं. मशीन चालू झालं, पण आत शिरता येईना. लांबून आत जायचं पॅकेजही मी काढून टाकलेलं! तिकडे ग्राहक खोळंबला.

शेजारच्या टेबलावरच्या समीनाला म्हणालो, "किती शांत असेल ना ते आता?"

"हौ, बहोत सुकून में है उनो. अब बस पकडो, जाके मिलके आओ."

निघालो. वाटभर साहेबांचे फोन येत होते, आणि मला त्या मशीनचा हेवा वाटत होता.