जाहिरातीतल्या गप्पा

मळवली स्टेशनात लोकलची वाट बघत गंगाधर गुरुजी बसले होते. शेजारच्या बाकावर जैतुनबी आणि त्यांची नात सानिया यांचं बोलणं असं रंगलं, की गुरुजींनी हातातलं वर्तमानपत्र केव्हाच मिटलं होतं.

“दादी, केबल काढून टाकू या. तीच मालिका इंटरनेटवर दिसते, तीही जाहिरातींशिवाय.”

“आगं, मग मेहरूनला फोन कवा करू?”

“म्हणजे?”

“माजी भैन तितं देहूरोडला, मी हितं. दोघी एकाच टायमाला बघतो. जाहिरात लागली की फोन. दिवसभर एकटी असती बिचारी. मालिका सुरू झाली, की बोलणं अर्ध्यात तुटतं.”

“मग तिच्याकडंही इंटरनेट लावून देते. दोघींनी एकदम सुरू करायचं. बोलावंसं वाटलं, की बटण दाबायचं. मालिका थांबून राहते.”

“मला जमंल व्हय?”

“चुकलीस तर पुन्हा दाखवीन. शंभरदा दाखवीन.”

“आन् किती येळ थांबती?”

“तुमचं बोलणं संपेपर्यंत.”

“काढ मग केबल. पण पोरी, ही मालिका आता आमच्या जन्मात संपायची न्हाई बघ!”