आमच्या गल्लीची जागतिक भूक

…आता मला सांगा, जगात एवढे देश पडलेत, मोठमोठी वाळवंटं पडलीत, आणि ह्यांना भूक मोजायला जागा कोणती सापडली, तर नांदेडातली आमची गल्ली. बेचाळीस घरांची. जिथं सकाळी आठ वाजता कुणाच्या चुलीवर कशाला फोडणी बसली ते मी अंथरुणात पडल्या पडल्या सांगते. न्हाई म्हणजे, मला काय करायचंय, कुणी काय बी खाऊ द्या, पण वास आपणहून चालत येतो तर काय नाक काढून खुंटीला टांगायचं?

तर झालं काय, आमच्या समोरची शिल्पा. गुणी पोरगी. विद्यापीठात पीएच.डी. करून राहिली, चार वर्षं झाली, आणि विषय एवढा लांब की ओळखीच्या कार्डावर दोन ओळी लागल्या. थोडक्यात सांगायचं तर जगाच्या विकासापुढं काय काय अडचणी हायत, त्यातली भूक ही हिच्या वाट्याला आलेली. हिचे सर, महांतेश सर, देगलूरकडचे, त्यांनी सांगितलं की जगाचं जाऊ दे, आधी एक गल्ली पूर्ण मोज. झालं. श्रावण सरता सरता ही टॅब घेऊन घरोघर निघाली.

पहिलं घर धोंडाबाईचं. मी माझ्या ओट्यावर लसूण सोलत बसलेली. कान तिकडं नव्हता माझा, पण गल्ली केवढी, आवाज येणारच. शिल्पानं प्रश्न वाचला, जशाला तसा सांगते, पाठ झालाय मला: “गेल्या तीस दिवसांत अन्नाच्या अथवा साधनांच्या अभावी आपल्या कुटुंबातील प्रौढ व्यक्तीस संपूर्ण दिवस अन्नग्रहणाविना व्यतीत करावा लागला काय?” धोंडाबाई सत्तरीच्या पुढची. तिनं पदर सावरला, दोन्ही हात जोडले आणि म्हणली, “माय, आमच्यावर केस कामून केली?”

आता अशा वेळी माणसानं गप बसावं का? तुम्ही बसला असता? मी लसूण ठेवला, गेले. म्हणले, “शिल्पे, असं समन्स वाचल्यासारखं विचारलीस तर लोक दारं लावून घेतील. सरळ विचार ना, मागच्या महिन्यात दिवसभर जेवला न्हाईत असं कितीदा झालं.”

“पण काकू, त्यात अभाव आला पाहिजे.”

“अभाव येईल मागून, आधी उत्तर तर येऊ दे.”

तेव्हापासून दोन दिवस मी तिच्याबरोबर. बेचाळीसच्या बेचाळीस घरं. विचारायचं मी, बोट लावायचं तिनं. घरची भांडी तशीच पडलेली, आमचे हे दोनदा गल्लीच्या तोंडापर्यंत शोधत येऊन गेले, पण पोरीचं काम हाय म्हणल्यावर… आणि मला काय करायचंय होतं त्यात, मला का पदवी मिळणार होती?

आणि उत्तरं काय यायली म्हणता. श्रावण महिना. सोमवार चार, शनिवार चार, चतुर्थी, एकादशी, गोकुळाष्टमी. मी विचारलं की बाई बोटं मोजायली. एक म्हणली, “पाच दिवस.” तिच्या बाजूच्या ओट्यावरची तांदूळ निवडता निवडता म्हणली, “माझे सात.” लगेच पहिली म्हणली, “थांब गं शिल्पा, शुक्रवार धरलेच न्हाईत मी, नऊ लिही.” अशी चढाओढ लागली, तुम्हाला सांगते, दुसऱ्या दिवशी तर बाया दारात तयार होऊन उभ्या. ताटभर शाबुदाणा, भगर, बटाट्याची भाजी, वर दोन केळी, त्याचं कुणी नाव काढंना. उपासाला खाल्लेलं काय जेवण म्हणून मोजतात का? मीही माझे सहा सांगितले. त्यातला एक मोडला होता, पण संकल्प होताच की.

सगळ्यात वरचढ निघाली सिंधू. कोपऱ्यावरची. माहेर देवणीकडचं, दोन लेकरं, नवरा हणमंत ऑटो चालवतो, म्हणजे चालवायचा, पाय मोडल्यापासून ऑटो दारात आणि हणमंत बाजेवर. ती म्हणली, “बारा दिवस, काकू.” आवाज सुद्धा केवढा हळू. मी घरी येऊन सुनेला ऐकवलं, बघ, याला म्हणतात भक्ती, तू आपली सोमवारी सुद्धा बिस्कीट खातीस.

मग दिवाळीनंतर विद्यापीठात मोठी सभा भरली. खुली चर्चा, कुणी बी या. दिल्लीचे पाहुणे, एक परदेशी मॅडम, जगाच्या प्रश्नांवर दोन दिवस बोलणार, दुपारी जेवण. शिल्पाची आई ड्यूटीवर, म्हणून पोरीच्या मागं आपलं माणूस असावं म्हणून मी गेले. चांगली जरीची साडी नेसले. दुसऱ्या रांगेत बसले.

शिल्पा उठली. काय इंग्लिश बोलायली, काय बोलायली. मागं हा एवढा पडदा. त्यावर नकाशा, आणि नकाशात आमची गल्ली. लाल. मी आधी खुश झाले, लाल रंग म्हणजे आपला मानाचाच. बाजूला एक मास्तर बसले होते, त्यांना विचारलं, लाल म्हणजे काय व? ते म्हणले, “तीव्र भूक. उपासमारीच्या काठावर आलेली वस्ती हाय ती.” आणि तेवढ्यात पडद्यावर फोटो आला. धोंडाबाईचा. ओट्यावर बसलेली, गाल आत गेलेले. अहो, कवळी धुवून उन्हात ठेवली होती तिनं. दोन वेळेला दोन दोन भाकरी मोडून खाणारी बाई, आणि परदेशी मॅडमनं तिला बघून छातीवर हात ठेवला. डोळ्यात पाणी आलं हो मॅडमच्या.

आता मला काय करायचंय, मॅडमचे डोळे, मॅडमचं पाणी. पण इज्जत म्हणून काही असती का न्हाई? कंधारपासून देगलूरपर्यंत ह्या गल्लीतल्या लेकी दिलेल्या हायत. उद्या व्याही विचारतील, तुमच्याकडं खायला न्हाई म्हणे, जगात नाव झालंय.

माईक फिरत फिरत आला. मी धरला. “नमस्कार,” म्हणले, “ही गल्ली आमची हाय. तिथं उपाशी कुणी न्हाई. बायांनी देवासाठी दिवस धरलेत, आणि फराळ दाबून करतात. काल रात्रीच तीन घरी पुरणाचा बेत होता, कोणत्या तीन ते पण सांगते.”

हॉल हसायला. महांतेश सर उठून उभे राहिले. “बाई, तुम्ही कोण?”

“मी अयोध्याबाई. बेचाळिसातलं आठवं घर.”

“मग प्रश्नात तर स्पष्ट लिहिलंय, अभावामुळं.”

“ते मीच काढायला लावलं, सर. पोरीला काही येत न्हवतं, सगळा प्रश्न मी सोपा करून दिला.”

मला वाटलं आता टाळ्या पडतील. शिल्पाच्या कष्टात आपलाही हात हाय हे चारचौघांत कळावं, एवढाच हेतू, देवाशपथ. तर टाळ्या कुठल्या… शिल्पा मान खाली घालून उभी. पडद्यावर धोंडाबाई तशीच.

जेवणात गुलाबजाम होते. गिळवले न्हाईत. एकच खाल्ला.

मग कळलं ते असं, की सर म्हणले आठ दिवसांत बेचाळीस घरं परत, अख्खा प्रश्न विचारून. न्हाई तर ते प्रकरण प्रबंधातून काढा. आणि ते काढलं तर प्रबंधात उरतं काय, नुसती प्रस्तावना. चार वर्षं पाण्यात. शिल्पानं माझ्याशी बोलणं सोडलं. समोरचं दार, जे दिवसभर उघडं राहायचं, ते बंद. तुम्हाला सांगते, बंद दारासमोर लसूण सोलवत न्हाई.

तिसऱ्या दिवशी मीच जाऊन कडी वाजवली. म्हणले, “मी येते. तोंड उघडणार न्हाई. नुसती मागं उभी राहते, मी दिसले की कुत्री भुंकत न्हाईत.”

ती म्हणली, “एक शब्द बोललात तर, काकू…”

“मुकी हाय मी.”

आणि गेलो. ती ते अख्खं चऱ्हाट वाचायची, मग शांतपणे समजून सांगायची, श्रावणातले देवाचे दिवस सोडून सांगा, घरात खायला न्हवतं म्हणून न जेवता राहिलात का? बाया भडकायच्या. “कोण म्हणतं? आमच्या घरात पोत्यानं धान्य हाय.” नऊवाली शून्यावर, सातवाली शून्यावर. शिल्पाचा चेहरा जरा जरा उजळायला. माझे ओठ दाताखाली. चाळीस घरं मी काढली अशी, दाढ दुखायली माझी.

मग सिंधूचं घर. हणमंत भिंतीकडं तोंड करून पडलेला. लेकरं शाळेत. शिल्पानं प्रश्न वाचला. समजून सांगितला. सिंधू हातातला फडका घडी करायली, उलगडायली, परत घडी करायली. मग माझ्याकडं बघितलं आणि म्हणली, “काकू, तुम्ही जरा भायेर बसता का?”

मला. ह्या गल्लीत बाळंतीण आधी मला बोलावती, सोयरीक आधी मला कळती, आणि मला म्हणायली भायेर बसा.

बसले. पायरीवर. आत बोलणं हळू चाललं होतं. कान लावला असता तर ऐकू आलं असतं. माझा कान कसा हाय तुम्हाला मालूम हाय. न्हाई लावला. ऑटोकडं बघत बसले, चाकातली हवा पार गेलेली, आणि बारा दिवस, बारा दिवस, एवढंच डोक्यात. त्या घरातनं सकाळच्या फोडणीचा वास कधीपासून आला न्हाई, ते आठवायली. आठवंना. न आलेला वास कसा आठवणार? सुनेला काय काय ऐकवलं होतं मी, भक्ती म्हणे…

शिल्पा भायेर आली. मी काही विचारायच्या आधीच म्हणली, “काकू, ते सांगता येत न्हाई.” मी म्हणले, विचारलंय कुणी?

पुढच्या आठवड्यात ती सरांकडून आली ती फणफणत. बेचाळिसात एक घर निघालं, कोणतं ते बोलली न्हाई. सर म्हणले एक म्हणजे नगण्य, तळटीपेत टाका. मी विचारलं नगण्य म्हणजे? मोजायला नको एवढं थोडं. आणि तळटीप? पानाच्या पायाशी, बारीक अक्षरात. शिल्पा म्हणली, “मी सरांना सांगितलं, नगण्य कसं, बाकीची एकेचाळीस घरं तिच्या आवाजात आवाज मिसळून ओरडत होती म्हणून ती आधी ऐकूच आली न्हाई. हेच लिहिते, अख्खं प्रकरण लिहिते. दोन तास वाद घातला.” सर शेवटी म्हणले, लिहा, पण पुरावा भक्कम पाहिजे. मागच्या महिन्यात प्रबंध जमा झाला. पेढे पहिले मला दिले. सुटले बाई मी.

पण सुटले कुठं? आता मला काय करायचंय, कोणतं का घर असंना, मला तर कुणी काही सांगितलेलं न्हाई. तरी पेढे खाल्ले त्याच आठवड्यात, शुक्रवारी, मी कोपऱ्यावर गेले. हातात डबा घेऊन जावं तर सिंधू दार लावंल, ते कळायला पीएच.डी. लागत न्हाई. म्हणून म्हणले, “सिंधू, मला नवस हाय. सवाष्ण जेवू घालायची. नड भागव माझी.” सवाष्णीला नवसाचं बोलावणं आलं की न्हाई म्हणता येत न्हाई आमच्याकडं, राणी असो का कुणी.

“कसला नवस, काकू?”

“नवरा सुधरावा म्हणून.”

“काय झालं काकांना?”

“हेच, काही होईना.”

ती आली. खाली मान घालून जेवली. मग माझी सगळी भांडी घासली, मी नको म्हणत असताना, आणि म्हणली, “पुढच्या शुक्रवारी भाकरी मी थापते. तुमच्या जाड होतात.” बघा, जेवून वर हे.

पण आठवड्यात शुक्रवार एकच येतो. मग मी सोमवारचा नवस काढला, सुनेला दिवस जावेत म्हणून. सुनेला विचारलं नव्हतं, ती बोलत न्हाई माझ्याशी. गुरुवारचा आमच्या गुडघ्यांसाठी. शनिवारचा कशासाठी ते विसरले. लेकरांना प्रसाद म्हणून डबा. आणि नवस म्हणलं की उपास आला. न धरता कसं चालंल? सिंधूसमोर? सगळं जग फसंल, ती फसायची न्हाई, त्यातली ती माझ्यापेक्षा तयार. शाबुदाणा डोळ्यासमोर धरवत न्हाई मला आता. आमचे हे म्हणतात, “मी सुधरलो, बास कर.”

तर परवा शिल्पा परत टॅब घेऊन दारात. दुसरा सर्वे सुरू झालाय म्हणे, अजून मोठा. यावेळी सुरुवात माझ्यापासून. अख्खा प्रश्न वाचला तिनं, अथवा, अभावी, व्यतीत, सगळं. मी म्हणले, सतरा दिवस.

ती बघतच राहिली. “काकू? घरात अन्न न्हाई?”

“हाय की. भरपूर हाय.”

“मग कारण काय लिहू?”

तेवढ्यात आतून सिंधूचा आवाज आला, चांगला खणखणीत. “काकू, वरण आणखी हाय का वं?”

शिल्पानं आत बघितलं. माझ्याकडं बघितलं. बोट टॅबवर तसंच.

मी म्हणले, “धार्मिक लिही. आणि लवकर लिही माय, मला उभं राहवंना झालंय.”