कोट वाळत घालायची खोली

मी : बाबा, रागवायचं नाही हं. तुमचं यंत्र खरंच चालत असेल, तर आपण सगळे अजून मेलो कसे नाही?

बाबा : हे तुझ्या डोक्यातलं नाही.

मी : माझ्या वर्गातल्या चष्मिशच्या डोक्यातलं! म्हणाली, विचारून दाखव. वर बोक्या म्हणाला, ही नुसत्या बाता मारते, घरी गेली की मांजर होते. मग काय, मी म्हटलं आजच विचारते. बघा, दप्तरसुद्धा पाठीवरच आहे.

बाबा : ठेव ते खाली. बस स्टुलावर. भांड्याला हात लावू नकोस, गरम आहे. आणि चष्मिशला सांग, प्रश्न एकदम फर्स्टक्लास. सूर्यात काय होतं? हायड्रोजनचे कण एकमेकांत घुसतात, एकजीव होतात आणि ऊर्जा बाहेर पडते. पण त्याला सूर्याएवढी भट्टी लागते. मला ते या भांड्यातल्या पाण्यात करायचंय.

मी : जड पाण्यात, म्हणजे जड हायड्रोजनवाल्या पाण्यात, पॅलेडियम धातूच्या तारेत. वीज सोडली की तार हायड्रोजन पीत बसते. पाठ आहे मला, झोपेतून उठवून विचारा.

बाबा : मग पुढचंही पाठ कर. मला इथं जी थोडी जास्तीची उष्णता दिसतेय, ती सूर्यासारखीच निघत असती, तर तिच्याबरोबर इतके किरण निघाले असते की या खोलीत कुणी वाचलं नसतं.

मी : म्हणजे आपण जिवंत आहोत, म्हणजे तुम्ही नापास?

बाबा : बहुतेक शास्त्रज्ञ तेच म्हणतात. मोठमोठ्या प्रयोगशाळांनी पुन्हा करून पाहिलं, जास्तीची उष्णता काही सापडली नाही. पण त्या नादात मोजायची साधनं सुधारली, तारेत हायड्रोजन ठासून कसा भरायचा ते कळलं. दार अगदी बंद नाही झालेलं गं.

मी : फट आहे.

बाबा : एवढीशी. त्यात माझं नाक अडकलंय.

आई : ठमे, बाहेर ये.

मी : आई! तू एवढ्या लवकर कशी?

आई : आधी बाहेर ये. मग बोलू.

बाबा : अगं, चपला तरी काढ. झालं काय?

आई : दवाखान्यात एक्स-रेच्या खोलीतल्या कामावरून काढलंय मला. चौकशी होईपर्यंत खिडकीत बसून नंबर पुकारायचे. माझा बॅज काळा आलाय.

मी : बॅज म्हणजे तो, कोटाच्या खिशाला लावतेस तो?

आई : त्यात फिल्म असते. किरण लागले की काळी पडते. दर महिन्याला तपासायला जाते, इतक्या वर्षांत कधी काही निघालं नाही. आज डॉक्टरांनी आत बोलावलं आणि बसायला खुर्ची दिली. ते कधी कुणाला खुर्ची देत नाहीत.

बाबा : तुमचं मशीन गळत असेल.

आई : मलाही तेच वाटलं. पण बाकीच्या दोघींचे बॅज स्वच्छ आहेत. तेच मशीन, तेच काम. मग डॉक्टरांनी विचारलं, घरी गेल्यावर बॅज कुठे असतो?

मी : अगं बाई गं!

आई : हं.

मी : खिळ्यावर. या दारामागच्या, भांड्याच्या वरच.

आई : दुसरं कुठे काय वाळतं या घरात? सगळ्यात उबदार खोली म्हणून माझा कोट इथं, हिचा युनिफॉर्म इथं, तुमचे मोजे इथं. कोट धुतला की बॅज काढून खिळ्यालाच अडकवते. सकाळी हाताशी असावा म्हणून.

बाबा : थांब, थांब. बॅज इथं होता? रात्रभर? भांड्याच्या डोक्यावर?

आई : असे डोळे करू नका.

बाबा : अगं, किरण! आजवर जो तो हेच विचारत आला, उष्णता आहे तर किरण कुठे आहेत? आणि ते माझ्या दारामागे, तुझ्या कोटाशेजारी...

आई : या भिंतीच्या पलीकडे हिची उशी आहे.



मी : बाबा, परवा माझ्या नाकातून रक्त आलं होतं. ते उन्हानंच ना?

बाबा : उन्हानंच बाळा. तसं काही नसतं.

मी : नसतं, की नसावं?

बाबा : ...नसावं.

मी : आई, तू तरी बोल ना काहीतरी.

आई : आणखी एक शक्यता आहे. फिल्म नुसत्या उष्णतेनं, वाफेनंही खराब होते. डॉक्टर म्हणाले, तसंही असू शकेल.

मी : मग सोप्पं आहे! हे बंद करायचं. असंच भांडं, साधं पाणी, तेवढंच तापवायचं, वर नवा बॅज टांगायचा. तोही काळा पडला तर वाफेनं घात केला. आम्ही शाळेत असंच करतो. बाबा, तुम्ही एवढे शिकलेले, तुमच्या कसं डोक्यात आलं नाही?

बाबा : आलं. लगेच आलं. करू या, दुसऱ्या भांड्यात. पण हे बंद नाही करता येणार.

आई : का? बटण नाही त्याला?

बाबा : तार भरायला कित्येक आठवडे गेलेत. वीज तोडली की पोटातला सगळा हायड्रोजन सोडून देईल. पुन्हा पहिल्यापासून. आणि दुसऱ्यांदा तशीच भरेल याची खात्री नाही. थोडे दिवस. तुम्ही दोघी मावशीकडे जा.

आई : आणि तुम्ही?

बाबा : मी इथं लक्ष ठेवतो.

मी : किरणांत?

बाबा : असले तर किरणांत.

मी : बाबा, खरं सांगा. तुम्हाला कशाची जास्त भीती वाटते? किरण असण्याची, की नसण्याची?

आई : काय विचारतेस तू त्यांना!

मी : सांगू दे ना.

बाबा : नसण्याची.

आई : ऐकलंस? झालं समाधान? चल, कपडे भर. मी मावशीला फोन करते.

मी : नाही.

आई : ठमे, हात धरून ओढत नेईन.

मी : ने. तुझी पाठ वळली की पळत परत येईन. मावशीचं घर काही चंद्रावर नाही.

बाबा : वेडेपणा करू नकोस. इथं धोका असू शकतो.

मी : असू शकतो ना? मग आई गेली, मी गेले, तुम्ही एकटेच इथं बसलात, तर मला तिथं झोप लागेल? रोज फोन करून विचारू का, बाबा, अजून आहात का?

आई : अगं, स्टूल कशाला एवढं घट्ट धरलंयस!

मी : घाबरलेय म्हणून. जाम घाबरलेय. पण माझं ठरलंय, दोघंही ऐका. आई, तू फोन करू नकोस. बाबा, बटण तुमच्या हाताशी आहे. ते चालू आहे तोवर मी इथून उठणार नाही.