क्रम चुकवू नका

डॉक्टरबाई : थांबा, मी प्रश्न अजून विचारलाच नाही.

धाकटा : माहीत आहे. पहिल्याचं उत्तर 'हो'. मग 'नाही', 'नाही', 'हो', 'नाही'.

ताई : अरे, मध्ये श्वास तरी घे.

डॉक्टरबाई : तुम्ही यांच्या कोण?

ताई : मोठी बहीण. हा धाकटा. सत्तरी उलटली तरी धाकटाच. आमच्या मजल्यावरच्या बाईंना तुम्ही हेच प्रश्न विचारले होते, त्यांनी मला सांगितले. रोज संध्याकाळी तयारी करून घेतली मी.

डॉक्टरबाई : मग मी मधूनच सुरू करते. बहुतेक वेळ आनंदात असता?

धाकटा : नाही.

ताई : अहो, ते दुसऱ्याचं उत्तर आहे.

डॉक्टरबाई : जगण्यात काही राम उरला नाही, असं वाटतं?

धाकटा : हो.

ताई : क्रम तुम्ही बदललात. आता त्याला दोष देऊ नका.

डॉक्टरबाई : ताई, ही परीक्षा नाही. पार्किन्सन्समध्ये हात थरथरतात तसं मनही खचतं, बऱ्याच जणांचं. चेहरा हलेनासा होतो, त्यामुळे घरच्यांना कळत नाही. म्हणून विचारायचं.

ताई : याचा चेहरा हलायचाच कधी? तिकीट तपासनीस होता. माझ्या लग्नाच्या फोटोत नवरदेवाकडे विनातिकीट प्रवासी पकडल्यासारखा बघतोय.

धाकटा : संशय रास्त होता.

डॉक्टरबाई : हे नापास झाले तर काय होईल, असं वाटतं तुम्हाला?

ताई : ठेवून घ्याल इथेच. समोरच्यांना 'एकच दिवस' म्हणून नेलं होतं. घरी आला तो नुसता चष्मा.

धाकटा : मोतीबिंदूला गेले होते ते, ताई. मागून तेही आले.

ताई : मधल्या वेळात माझं काय झालं ते तुला नाही कळायचं.

डॉक्टरबाई : कोणी ठेवून घेत नाही. यावर उपचार आहेत. भाऊ, पाठ केलेलं सोडा. पूर्वी आवडायचं असं काही सोडून दिलंत?

धाकटा : हा कितवा?

डॉक्टरबाई : याला नंबर नाही.

धाकटा : रेडिओ. हिला सांगतो, बोटांना बटण फिरवता येत नाही. येतं.

ताई : मी त्या बटणाला दोरा गुंडाळून दिला.

धाकटा : दोरा चांगला आहे. ऐकावंसंच वाटत नाही.

डॉक्टरबाई : आणि, जगूच नये असं मनात येतं?

धाकटा : ताई, तू जरा बाहेर बस.

ताई : नाही. हवं तर भिंतीकडे तोंड करते.

(खुर्ची फिरवल्याचा आवाज.)

धाकटा : कधी कधी. पहाटे. ही चहाला हाक मारते, त्याच्या आधी.

डॉक्टरबाई : सांगितलंत ते बरं केलंत. काय करायचं ते आजच ठरवू, मगच घरी जा.

ताई : (भिंतीकडे बघत) उद्यापासून लवकर हाक मारते.