‘भडका’ मालिकेतला तो आवाज

आदरणीय अध्यक्ष बाईसाहेब, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आमचे साउंडदादा, त्यांच्या शेजारी बसून मघापासून माझ्याकडे जरा काळजीनंच बघणाऱ्या वहिनी, स्टुडिओतली सगळी मंडळी आणि पुढच्या दोन रांगा अडवून बसलेले माझ्या गायनवर्गाचे विद्यार्थी, सर्वांना मनापासून नमस्कार.

निवेदकांनी मला पाचच मिनिटं दिली आहेत. दादांनीच सांगितलं म्हणे, "त्याला फार बोलायला लावू नका." का बरं? चौतीस वर्षं लोकांचे आवाज टिपणारा माणूस माझ्या आवाजाला आजच का घाबरावा? माझा स्वभावच संशयी, बायको सांगेल. दूधवाला जरा हसून बोलला की मी आधी पातेल्यात डोकावतो.

तरुण मंडळींना ‘भडका’ ठाऊक नसेल. त्यात त्यांचा दोष नाही. एकवीस वर्षांपूर्वी ही मालिका टीव्हीवर आली आणि सात भागांत गुंडाळली गेली. चार मित्र एका गॅरेजात रॉक बँड काढतात, अशी गोष्ट. चौघांपैकी एकालाही वाद्य वाजवता येत नव्हतं. ड्रमवाला मुळात दातांचा डॉक्टर, काठ्यासुद्धा दात उपटायला निघाल्यासारख्या धरायचा. गिटारची वायर सोफ्याखाली जाऊन संपायची. मी मुख्य गायक. केसांचा टोप इतका खाजायचा की मी सारखं डोकं झटकायचो आणि लोक म्हणायचे, काय जोश आहे पोरात! वादक पडद्यामागे वेगळे होते, पण गाणार मात्र मी स्वतः, याच अटीवर मी काम घेतलं होतं.

शेवटच्या भागात बँड फुटतो आणि गायक रिकाम्या गॅरेजात एकटा गातो. मालिका बुडाली, ते गाणं तेवढं तरलं. त्या एका गाण्यावर मला कार्यक्रम मिळाले, त्यावरच हा वर्ग उभा राहिला. खोटं कशाला बोलू, बायकोही त्या गाण्यामुळेच भेटली.

आता आमची कामाची पद्धत सांगतो. शूटिंगच्या आधी दादा एका कच्च्या आवाजात गाणं भरून ठेवायचे. त्याला आम्ही गाइड म्हणायचो. सेटवर मी त्यावर ओठ हलवायचे, मग स्टुडिओत येऊन खरं गायचं आणि दादांनी तो कच्चा आवाज पुसून टाकायचा. गाइड कोण गातो, हे मी कधी विचारलंच नाही. असेल कुणीतरी. मी मुख्य गायक होतो ना!

त्या गाण्याच्या दिवशी नेमका माझा घसा बसला. बाईसाहेब, तुम्ही तेव्हा मालिकेच्या निर्मात्या. काचेपलीकडून म्हणालात, "चार वाजेपर्यंत जमलं नाही तर दुसऱ्याकडून गाऊन घेते, आणि नामावलीच्या पाटीवर नावही त्याचंच टाकते." तुमचंही काही चुकलं नव्हतं, भाग दुसऱ्याच दिवशी जायचा होता. मी अकरा वेळा गायलो. अकराव्यांदा दादा म्हणाले, "झालं. घरी जा, गरम पाणी पी."

दुसऱ्या दिवशी टीव्हीवर ऐकलं आणि चाटच पडलो. इतकं सुरेख मी गायलो? दादांना फोन केला, तर म्हणाले, "मशीनची कमाल रे. आवाज तुझाच." मला पटलं. पटवून घेतलं म्हणा.

मग तीन वर्षांपूर्वी वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, "सर, तिसऱ्या ओळीत तुम्ही मध्येच श्वास घेता. टीव्हीवर तर पूर्ण ओळ एका दमात आहे." मी म्हटलं, "वय झालं बाळा." पण घरी जाऊन ते गाणं पन्नासदा ऐकलं. चोवीस वर्षांचा असतानाही मला ती ओळ एका दमात येत नव्हती. त्या अकरा वेळांतही आली नव्हती.

तेव्हापासून मी दादांच्या मागे लागलो. जुनी टेप मागितली, तर म्हणे बुरशी लागली. गाइड कोण गायचं विचारलं, तर म्हणे आठवत नाही. ज्याला वीस वर्षांपूर्वीच्या माइकचा नंबर तोंडपाठ आहे, त्याला हे आठवत नाही! वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, "ते तर घरात गुणगुणतही नाहीत," आणि लगबगीनं चहा टाकायला उठल्या. चहा आमचा नुकताच झाला होता.

गेल्या महिन्यात स्टुडिओत गेलो. आतल्या खोलीत दादा एकटेच माइक तपासत होते. माइक तपासायचा तर माणूस एक, दोन, तीन म्हणतो. दादांनी ती तिसरी ओळ म्हटली. एका दमात. मी काचेच्या अलीकडे कानाला हेडफोन लावून उभा होतो. त्यांनी मला पाहिलं आणि त्यांना एकदम खोकला आला. म्हणाले, "तुझंच गाणं म्हणत होतो रे." बघा, उत्तर कसं तयार!

मला आधी राग आला. वाटलं, या माणसानं मला आयुष्यभर फसवलं. घरी येईपर्यंत राग गेला आणि नुसती लाज उरली. त्या दिवशी दुपारी पाटीवर स्वतःचं नाव लावायची संधी त्यांच्या हातात होती. ती सोडून ते मला म्हणाले, गरम पाणी पी. आणि मी एकवीस वर्षं टाळ्या घेत राहिलो. शंका आल्यावरची तीन वर्षंसुद्धा घेतल्या. हे मला फार लागलंय.

म्हणून एक विनंती. दादा, सत्काराला उत्तर म्हणून भाषण करू नका. तुमचं तोंडी उत्तर मी ऐकणार नाही, तुम्ही सराईत खोटं बोलता. ते गाणं म्हणा. माझा संशय खोटा ठरला तर इथेच सर्वांसमोर तुमची माफी मागेन. खरा ठरला तर या मुलांना कळू दे, आपण कुणाचं गाणं शिकतोय ते. उद्या वर्गाला कुणी आलं नाही तरी चालेल. म्हणजे, भीती वाटते, पण चालेल.

बाईसाहेब, अध्यक्ष म्हणून परवानगी द्यावी. वहिनी, त्यांना उठू देऊ नका, ते दाराकडे बघतायत.

आपण मला बोलावलंत, पाचाची दहा मिनिटं होऊ दिलीत, मी ऋणी आहे. माझं बोलणं कुणाला टोचलं असेल तर मोठ्या मनानं पदरात घ्या, आणि हा माइक तेवढा दादांच्या हाती द्या. टाळ्या मात्र आत्ता नकोत. या वेळी त्या मला तुमच्यात बसून वाजवायच्या आहेत.