बोल फुटेपर्यंत

—नाही हो काका, मुलगी नाहीये, मुलगाच आहे. तुमची चूक नाही, सगळेच फसतात. परवा बागेत एका बाईंनी तर "किती गोड गं तू ताई" म्हणत याला मांडीवरच घेतलं! पावणेदोन वर्षांचा झाला आणि जन्मल्यापासून एक केस कापलेला नाही, मग दिसणारच ना ताईसारखा! कापा. सगळे कापा. म्हणजे — थांबा. कात्री ठेवू नका खाली, नुसतं थांबा, मला एक श्वास घेऊ द्या. हसताय काय? तुमच्या दृष्टीने दहा मिनिटांचं काम आहे, माझ्या घरात यावर महाभारत होणार आहे. सासूबाई-सासरे नणंदेकडे गेलेत, उद्या येतील. नवरा कामावर. मी अर्धी रजा टाकून चोरासारखी आलेय — आपल्याच पोराचे केस कापायला, चोरासारखी! हं, घ्या. बसवा फळीवर. मी धरते पुढून.

त्याचं असं आहे, आमच्याकडे मुलाला बोल फुटेपर्यंत डोक्याला कात्री लावत नाहीत. लावली की वाचा अडते म्हणे. कुणी सांगितलं? तेच तर मी विचारलं! सासूबाईंना त्यांच्या सासूबाईंनी, त्यांना त्यांच्या सासूबाईंनी. म्हटलं, मग सगळ्यात पहिल्या सासूबाईंना कुणी सांगितलं? तर म्हणाल्या, "त्यांच्या नशिबात तुझ्यासारखी शिकलेली सून नव्हती, म्हणून कुणी विचारलं नाही." बसा आता! आणि वर पुरावा तयार — नवऱ्याची आत्या. आत्या बोलताना अडखळतात. का? तर लहानपणी शेजारणीने हौसेने त्यांचे केस कापले. झालं, शिक्कामोर्तब! मी सरळ आत्यांनाच गाठलं. त्या म्हणाल्या, "अ-अगं, के-केस कापायच्या आधी मी काय भाषणं देत होते?" काका, मी पाणी तपासते. प्रयोगशाळेत. एका बाटलीवरून आम्ही विहिरीबद्दलसुद्धा खात्रीने बोलत नाही, आणि इथे एका आत्यावरून घराण्यातली सगळी डोकी ठरतात! हे मी सासूबाईंना सांगितलं नाही अर्थात. मनात सांगितलं. मनात मी फार ठणकावून बोलते.

—डावीकडून घ्या आधी, तो डोळा बघा, लाल आहे ना अजून? केस जाऊन जाऊन झालंय. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, औषध घाला आणि आधी हे जंगल काढा. मी घरी येऊन आनंदाने सांगितलं — मला वाटलं, डॉक्टरच म्हणाले म्हटल्यावर सुटलो! तर सासूबाई शांतपणे म्हणतात, "डोळा काय, बरा होईल. वाचा गेली तर कोण आणून देणार? तुझे डॉक्टर?" आणि उठून त्यांनी याच्या डोक्यावर शेंडी बांधली, रबर लावून. नवऱ्याकडे बघितलं. तो वर्तमानपत्रात. आत खोलीत गेल्यावर म्हणतो, "तुझं अगदी बरोबर आहे गं, पण पाळायला आपलं काय जातंय?" काका, या वाक्याचं मी काय करू सांगा! भांडणाऱ्या माणसाशी भांडता येतं. "पाळायला काय जातंय"शी कसं भांडायचं? झोपलेल्या बाळाला ओलांडायचं नाही — पाळायला काय जातंय. त्याला गोड म्हणायचं नाही, गोरा म्हणायचं नाही, वजन वाढलं तर वजन वाढलं म्हणायचं नाही — काय जातंय. रिकामा पाळणा हलवायचा नाही. मी एकदा चादर बदलताना हलला तर सासूबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या, हात कणकेचे, आणि पाळणा धरून उभ्या राहिल्या, जसा काही पळून चाललाय!

आणि खरं सांगू? मीही काही कमी नाही. हा पोटात होता तेव्हा एक टोपडं विकत घेतलं नाही. दुकानदार दाखवायचा, मी म्हणायची, नंतर. का नंतर? काही नाही, आपलं नंतर. मैत्रिणींना सांगायची, घर लहान आहे, ठेवायला जागा नाही. टोपड्याला जागा किती लागते हो? तेव्हा माझा विज्ञानाचा अभ्यास कुठे गेला होता कुणास ठाऊक. सासूबाई निदान उघडपणे मानतात. मी मानते पण चोरून, आणि मानत नाही तेही चोरूनच. आताच बघा ना — कात्री हे एवढंसं कच् वाजली आणि मी डोळेच मिटून घेतले. पडला की नाही पहिला झुपका! बघू. द्या इकडे. नाही, घरी नाही नेणार... बरं द्या. पर्समध्ये ठेवते.

नाही, बोलत नाही अजून. एक शब्द नाही. आई नाही, बाबा नाही, काही नाही. माझ्याबरोबर बाळंत झालेली शेजारीण आहे, तिची पोरगी परवा जिन्यात मला म्हणाली, "मावशी, बाजूला हो." मी बाजूला झाले आणि घरी येऊन बाथरूममध्ये नळ सोडून रडले. सासरे याला ठोंब्या म्हणतात. लाडाने म्हणतात, मला कळतं, पण माझ्या काळजात घुसतं ते. बोलेल, बोलेल म्हणतात सगळे, मुलगे उशिराच बोलतात, याचा मोठा काका चौथ्या वर्षी बोलला आणि आता थांबत नाही. आमचे डॉक्टरही म्हणाले, दोन वर्षांपर्यंत वाट बघू. म्हणून तर भीती वाटते ना काका! आज हे केस कापले आणि हा बोललाच नाही, तर घरात कुणाकडे बोट जाईल? उभा जन्म मला ऐकावं लागेल, हिने कापले. आणि त्यांचं सोडा — मीच मला म्हणेन. रात्रंदिवस म्हणेन.

कान? नाही नाही, कान उत्तम आहेत. हो, माझ्या बहिणीनेही एकदा विचारलं होतं, कान दाखवलेस का म्हणून. मी तिला असं झापलं की महिनाभर फोन नाही केला तिने. अहो, सासरे बाहेरून आले की उंबऱ्यात काठी आपटतात — हा खेळ टाकून वळलाच! पाठमोरा असला तरी. म्हणजे ऐकतो ना? फक्त स्वभावाने शांत आहे. कशाने म्हणून दचकत नाही. मिक्सर लावा, कुकरच्या शिट्ट्या होऊ द्या, समोरच्या इमारतीत भिंत फोडायचं काम चाललं होतं तेव्हा बायका मुलं घेऊन माहेरी गेल्या, आणि आमचा बबड्या आपला दुपारचा ढाराढूर. लोक म्हणतात, नशीबवान आहेस, असं गुणी बाळ. हाका मारल्या तर मात्र येत नाही, तेवढा हट्टी आहे. बापावर गेलाय. समोर जाऊन उभं राहिलं की मग असं हसतो — दिसतंय ना आरशात? असं. सगळा राग जातो.

—अरे, हलू नको रे राजा! काका, कात्री लागेल हो कानाला, वळवळतोय नुसता. मशीन नाही का तुमच्याकडे? ते घ्या ना. मुलं घाबरतात म्हणजे? जुनं असू दे, आवाज करत असू दे, हा नाही घाबरत, सांगतेय ना मी. लावा तुम्ही, मी जबाबदार. मागून घ्या, मानेवरून — बाप रे! हे मशीन आहे की पिठाची गिरणी? अहो, ते बघा, शेजारच्या खुर्चीतले आजोबा उडाले झोपेतून! माफ करा हं आजोबा. आणि आमचं ध्यान बघा, आजोबा उडाले म्हणून हसतंय. कानामागे मशीन आहे आणि ढिम्म. बघितलंत? मी म्हटलं नव्हतं, कशाने म्हणून दच—

बंद करा.

नाही, लागलं नाही त्याला. बंद करा फक्त. जरा ही खुर्ची फिरवता? तिकडे, भिंतीकडे. त्याला आरशात तुम्ही दिसायला नको. मी हा कंगवा देते त्याच्या हातात. हं. आता मागे उभे राहा, अंगाला लावू नका, लांबूनच — आणि लावा.

परत लावा.

आता बंद. आता लावा. जवळ आणा, डोक्याला न टेकवता... अजून. आजोबा, तुम्ही बोलू नका हो, एक मिनिट, कृपा करून. लावा काका. बंद करा. लावा.

बबड्या? बबड्या! ए राजा — माझ्याकडे बघ ना रे.

लाकडी जमीन आहे आमची. सगळ्या घराला लाकडी फळ्या आहेत, काका. काठी आपटली की पायाखाली हलतं. मी कधी — पाण्यात काय आहे हे मी रोज तीनतीनदा तपासते हो. काही चुकायला नको म्हणून तीनदा. आणि इथे आम्ही सगळे मिळून केस सांभाळत बसलो.

काढा ते कापड. नाही, राहू दे. अर्धंच झालंय तर अर्धंच. दिसू दे कसंही, दिसण्याचं काय घेऊन बसलात! पाच वाजेपर्यंत दवाखाना उघडा असतो ना कोपऱ्यावरचा? कानाचे डॉक्टर बसतात तिथे? मग आत्ताच जाते. नवऱ्याला रस्त्यातून कळवते. सासूबाई म्हणतील — म्हणू देत. काय म्हणायचं ते म्हणू देत. ये बाळा, ये, असा समोर ये, माझ्या तोंडाकडे बघ.

अडवू नका आता. दारातून बाजूला व्हा जरा, काका.