टोपलीतून उतरलेला पासपोर्ट

नाव: येशिमेबेत वोल्दे. वय: २९. काम: घरकाम. मूळ गाव देसे, इथिओपिया. सध्या राहणार: मादाम नुहाद यांचा फ्लॅट, पाचवा मजला, अश्रफिये, बैरूत.

ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगते की, मादामनी चोरीच्या तक्रारीत माझं नाव 'मेरी' लिहिलं आहे. मेरी कोणी नाही. "तुझं नाव जिभेला जड जातं," म्हणून पहिल्याच दिवशी त्यांनी ते बदललं.

करार दोन वर्षांचा होता, आज तीन वर्षं चार महिने झाले. माझा परवाना त्यांच्या नावावर, म्हणजे त्या माझ्या कफील. त्यांनी सोडल्याशिवाय मला दुसरं घर धरता येत नाही की देश सोडता येत नाही. दाराला कायम कुलूप असतं. माझी आई गेली तेव्हाही त्या "नंतर बघू" एवढंच म्हणाल्या.

आज सकाळी नऊ वाजता, रोजच्याप्रमाणे, वाण्याचा पाव घ्यायला बाल्कनीतून टोपली सोडायला सांगून त्या आंघोळीला गेल्या. माझा पासपोर्ट त्या ज्या कपाटात ठेवून कुलूप लावायच्या, त्याची किल्ली आज कपाटालाच राहिली होती. मी माझा पासपोर्ट काढून टोपलीत ठेवला, वर फडकं टाकलं आणि दोर सोडला. खाली रस्त्यावर झेनेबेच नावाची, आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर कामाला असलेली मुलगी कचरा टाकायला आली होती.

"काय पाठवलंस गं?"

"मलाच पाठवलंय. नीट धर."

पाव वर ओढून घेतला. मादाम बाहेर आल्यावर म्हटलं, दार उघडा, मी जाते. त्या म्हणाल्या, "माझ्या सहीशिवाय जाशील कुठे?" मी बाल्कनीत जाऊन पातेल्याच्या झाकणाने कठडा बडवला. समोरच्या इमारतीत कामाला असलेल्या आमच्या देशातल्या बायका बाहेर आल्या आणि गालिचे झोडायच्या काठ्यांनी आपापले कठडे बडवायला लागल्या.

"आत ये! लोक बघतायत!"

"बघू देत की. तीन वर्षं कोणी बघितलं नव्हतं."

दार त्यांनीच उघडलं. मी पळाले नाही. जिन्याने उतरले, झेनेबेचकडून पासपोर्ट घेतला आणि चालत इथे आले. मादाम माझ्यानंतर टॅक्सीने आल्या.

साहेब म्हणतात, पासपोर्ट मादामना दे, प्रकरण मिटवू. मी देणार नाही. चोरी लावायची तर खुशाल लावा. पण आत फोटो माझा आहे, मग चोरीच्या मालाचा मालक कोण, तेवढं आधी लिहा.

जबाब मला वाचून दाखवला. दुभाषी लागला नाही. अरबी मी मादामच्याच स्वयंपाकघरात शिकले. 'मादामच्या ताब्यातला पासपोर्ट' असं लिहिलं होतं, ते खोडून 'स्वतःचा' करून घेतलं. नावाच्या जागी लिहिलेलं 'मेरी'ही खोडायला लावलं. आता तो मी सांगितला तसाच आहे. अंगठा दिलेला नाही. सही केली आहे, माझ्या लिपीत, पूर्ण नावाने.